घोडे किती

बंद पडलेल्या रिसॉर्टच्या मागे ती विटांवर उभी होती.
दोन लांब ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर प्लायवूड,
प्लायवूडवर गवत छापलेलं मॅटिंग
आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी पोराची एकच चप्पल.
एक लाख ऐंशीला घेतली.
इंजिन नव्हतं. ते आधीच कुणीतरी उजनीला नेलं, म्हणाले.

"इंजिनाचं काय, कुठलंही बसतं,"
असं सांगणारे सगळे सातपूरच्या टपरीवर भेटले.
बत्तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला
'कुठलंही' हा शब्द सहन होत नाही.
दोन शतांशाच्या फरकावरून
मी सख्ख्या मित्राशी अबोला धरलेला आहे.

द्वारकेवरचे मोईनशेठ म्हणाले, साठ घोडे लावा.
गिऱ्हाइकाच्या तोंडावर वारा बसला की खिसा आपोआप सैल होतो.
मेहुणा म्हणाला, पंधरा खूप झाले,
धरण काय पळून चाललंय?

बोटीच्या पाठीला रिव्हेट ठोकलेली पाटी होती,
जास्तीत जास्त किती, ते सांगणारी.
नेमका आकडा झिजलेला.
इथंच घोडं पेंड खातं.
मंदाने वहीचं पान वर धरलं, मी पेन्सिल आडवी घासली,
आणि करड्या धुक्यातून हळूहळू
एक पाच वर आला, मागून शून्य.
म्हणजे साठ गेले. मोईनशेठना फोन केला नाही.

मग सावरगावचा केदू बेंडकोळी आला,
त्याने पान्याने नळ्या वाजवल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
उजवी ठणठणीत बोलली.
डावी मध्येच घसा बसल्यासारखी.
"दादा, हिच्या पोटात पानी हाय."

साडेसात बादल्या निघाल्या.
वेल्डच्या एका केसाएवढ्या भेगेतून, किती पावसाळे, कोण जाणे.
आधीचा मालक म्हणे दर दोन वर्षांनी मोठं इंजिन आणायचा,
बोट जड चालते म्हणून मिस्त्रीला शिव्या द्यायचा.
पाण्यावरून आपण पाणीच वाहून नेतोय
हे त्याला कुणी वाजवून दाखवलं नाही.

भेग भरली. नळी वाळवली.
दहा माणसांऐवजी द्राक्षांच्या क्रेटमध्ये वाळू भरली,
सातशे किलो, काट्यावर मोजून.
पंचवीसचं इंजिन उसनं आणलं
आणि वैशाखातल्या दुपारी निघालो भिंतीकडे.
काय चालली! लोण्यातून सुरी.
मेहुणा माझ्याकडे बघून हसला, पंधरासुद्धा चाललं असतं.

जाताना वारा आपल्या बाजूचा असतो,
आणि माणूस हिशेब जातानाच करतो.

चार वाजता तोंड फिरवलं
तर त्र्यंबकच्या अंगाने वारा उतरलेला,
सपाट डेक, वर छत, अख्खी बोट म्हणजे शीडच उलटं.
मूठ शेवटपर्यंत पिळली. इंजिन किंचाळायला लागलं.
काठावर एक बाभूळ होती,
ती दहा मिनिटं माझ्या उजव्या खांद्याशीच उभी राहिली.
केदू काही बोलला नाही, त्याने फक्त एक क्रेट पाण्यात ओतला.
मग दुसरा.
मेहुणा क्रेट मोजत होता. मी क्रेटच्या जागी माणसं.

चाळीस घेतलं.
जुनंच, पण दांडा लांब, आणि पंख्याची पाती एकसारखी,
ती मी स्वतः गेज लावून पाहिली.
रोज सत्तावीस-अठ्ठावीस घोड्यांवर काम भागतं.
मंदा विचारते, मग वरच्या बारांचे पैसे कशाला मोजले?
मी तिला दुपारी चारनंतर बोटीवर बोलावतो.
ती सकाळीच येते, डबा देते, उन्हाच्या आत घरी जाते.

चप्पल अजून आहे. रेलिंगच्या हुकाला अडकवली आहे,
कुणी मागायला आलं तर असावी.
तिचं वजन हिशेबात धरलेलं नाही.